रोज एका ढबूची शाई

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या दत्तभक्त संतकवी दासोपंतांविषयी परंपरा एक गोष्ट सांगते. ते रोज एका ढबू पैशाची शाई लिहून संपवीत. शाई उरली तर हात थांबायचा नाही आणि संपली की त्या दिवसाचे लेखन पुरे. इ. स. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतार्णव, पदार्णव, ग्रंथराज आणि कापडाच्या लांबच लांब पासोडीवर लिहिलेले पंचीकरण एवढा ग्रंथभार त्यांच्या नावावर आहे, आणि एकट्या गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या असल्याचे परंपरा मानते. ढबूची गोष्ट अक्षरशः घडली की नाही, हा वाद इतिहासकारांनी घालावा. रोजच्या साधनेचा विचार करणाऱ्याने तिच्यातले माप तेवढे पाहावे. दासोपंतांचा संकल्प ‘मी दत्तप्रभूंची सेवा करीन’ एवढाच असता तर तो कोणत्या दिवशी पुरा झाला आणि कोणत्या दिवशी राहिला, हे त्यांनाही कळले नसते. दौतीचा तळ मात्र डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे संकल्प मोडतात ते बहुतेक वेळा इच्छा कमी पडते म्हणून मोडत नाहीत. त्यांना वेळ, जागा आणि माप दिलेले नसते, म्हणून मोडतात. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. त्यासाठी लागणारा साचा बीड जिल्ह्यातल्या देवळांत, घरांत आणि विहारांत पिढ्यानपिढ्या वापरात आहे. तो कुठून विकत आणावा लागत नाही.

पूजेच्या सुरुवातीचा संकल्प नीट ऐकला तर हे लक्षात येते. गुरुजी हातावर पळीभर पाणी घालतात, अक्षता ठेवतात आणि म्हणायला लावतात. त्यात संवत्सराचे नाव येते, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार येतो. मग दंडकारण्य येते, गोदावरीचा दक्षिण तीर येतो. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, त्यामुळे गेवराई-माजलगावच्या माणसाला हे वाक्य म्हणजे घरचा पत्ताच. मग गोत्र आणि नाव. हे सगळे झाल्यावर काय करणार ते, आणि अगदी शेवटी क्रियापद: ‘करिष्ये’, म्हणजे मी करीन. त्यानंतर पाणी ताम्हणात सोडायचे. बहुतेक यजमान हा भाग कधी उरकतो याची वाट पाहत बसलेले असतात. खरे तर पूजेतला सर्वांत व्यवहारी भाग हाच. फळ काय हवे तेही संकल्पात सांगतात, पण वाक्य फळावर संपत नाही, कर्त्याच्या कृतीवर संपते. कोण, केव्हा, कुठे, काय, हे ठरल्याशिवाय पाणी सुटत नाही.

नवसाची घडण याच्या उलट असते. ‘मुलाला नोकरी लागू दे, मग परळीला वैजनाथाला अभिषेक करीन’ यात पहिली चाल देवाची आणि आपली दुसरी. काम होईपर्यंत माणूस मोकळा. नवस बोलू नये असे म्हणायचे नाही, तो संकटातल्या माणसाचा आधार आहे. पण नवसाने रोजचा दिवस बदलत नाही. हल्ली मोबाईलवर ‘मनात चित्र रंगवा, विश्व ते तुम्हाला देईल’ असा जो उपदेश सारखा समोर येतो, तो नवसाचाच नवा अवतार आहे. त्यात अभिषेकाचासुद्धा खर्च नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया यशाची गोडगोड चित्रे रंगवत राहिल्या, त्यांचे वजन इतरांपेक्षा कमी उतरले. चित्र रंगवताना मनाला काम झाल्याचे समाधान आधीच मिळते आणि हातपाय हलवायची निकड उरत नाही, असा त्यांचा खुलासा आहे. याच्या दुसऱ्या बाजूला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे काम आहे. ‘मी व्यायाम करीन’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक झाले की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असे ठरवणारा माणूस ठरवलेले जास्त वेळा पार पाडतो, हे त्यांनी दाखवले. २००६ साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही परिणाम चांगला ठसठशीत निघाला. ताम्हणात पाणी सोडणाऱ्या हाताला हे शास्त्र ठाऊक नव्हते. वाक्याची घडण मात्र तीच आहे.

गावातला अखंड हरिनाम सप्ताह हा याचा आणखी पक्का पुरावा. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, असा गावाचा संकल्प असतो. तो निभावतो कसा, तर देवळाच्या भिंतीला लावलेल्या पहाऱ्याच्या कागदावर. कोणाचा पहारा दुपारी, कोणाचा रात्री दोन ते चार, हे नावानिशी लिहिलेले असते. पहाटे दोनला डोळे चोळत आलेला माणूस आधीच्या पहारेकऱ्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, पहिला घरी जाऊन आडवा होतो. त्या कागदावर ‘भक्ती वाढवणे’ असे काम कोणाच्याही नावापुढे नसते. काकडा केव्हा, पारायणाला बसायचे केव्हा, हरिपाठ केव्हा, कीर्तन केव्हा, सगळे ठरलेले. सातव्या दिवसानंतर काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद होतो, वीणा उतरते. इच्छा गावभर असते, पण वीणा धरून ठेवतो तो कागद. घरच्या संकल्पालाही असाच एक पहारा लावून द्यायचा असतो.

तो लावायचा कसा? आधी मनातली मोठी इच्छा बाहेर काढावी आणि तिला प्रश्न विचारावेत. समजा इच्छा आहे, ‘मला शांत व्हायचे आहे’. शांत होणे ही कृती नव्हे. ती आज संध्याकाळी कोणालाही करता येणार नाही. मग तिचे रूप असे करता येईल: दिवेलागणीला देवळीत दिवा लावला की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, तिथेच भिंतीला टेकून बसून, अकरा श्वास मोजीन. यात वेळ आहे, जागा आहे, माप आहे. मुख्य म्हणजे हा नेम दिव्यासारख्या रोज होणाऱ्या कामाच्या शेपटीला बांधलेला आहे. घड्याळाच्या काट्याला बांधलेला नेम पाहुणे आले, वीज गेली, एसटी चुकली की सुटतो. दिव्याला किंवा चुलीला बांधलेला सुटत नाही, कारण दिवा आणि चूल सुटत नाहीत. हीच रीत वाईट सवयीलाही लागू पडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी चहानंतर पुडी फोडणारे हात थांबलेले नाहीत. ‘गुटखा सोडला’ ही घोषणा झाली. ‘चहाचा कप खाली ठेवला की उठून चूळ भरीन आणि बडीशेप तोंडात टाकीन’ हा नेम झाला. माप मात्र सुरुवातीला लाज वाटेल इतके लहान ठेवावे. अकरा माळांचा उत्साह पहिल्या आठवड्यात कोणालाही असतो. लग्नसराईतल्या, पेरणीच्या किंवा परीक्षेच्या धांदलीतल्या सर्वांत वाईट दिवशी जेवढे जमेल, तेवढेच माप धरावे.

‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप इथे येणारच, आणि बीड जिल्ह्यात तो पोकळ नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, उसाच्या पाचटाची किंवा प्लास्टिकची कोपी, आणि गाडी भरायची तर पहाटेआधीच उठायचे. अशा बाईला पहाटे तासभर ध्यान करायचा सल्ला देणाऱ्याने तिचा दिवस पाहिलेला नाही. पण याच भागातल्या बायांनी वेळेचा प्रश्न पूर्वी एका रीतीने सोडवला होता, तो जात्यावर. दळण टाळता येत नव्हते, म्हणून देवाचे, माहेराचे, लेकराचे बोल त्याच फेऱ्यांत गुंफले गेले. साधनेला वेगळा वेळ काढावाच लागला नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही आहेत. जाते गेले, गिरणी आली, ओवी बहुतेक घरांतून उठली. रीत मात्र अजून वापरता येते. चुलीत पहिले लाकूड सारताना, हापशाला हात घालताना, मोळीची गाठ आवळताना एखादे नाव, एखादी ओळ, तीन सावकाश श्वास. हे काही कष्टाचे मोल नव्हे आणि कष्टाला उताराही नव्हे. अर्ध्या मिनिटापुरते मन आपल्या ताब्यात, एवढेच.

आता मन त्या अर्ध्या मिनिटात कुठे असावे? आज ज्याला सजगता म्हणतात आणि ज्याची शिबिरे शहरांत भरतात, त्याला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे: सावध. मंगलाष्टकांत ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेल्याची आख्यायिका ज्यांची, ते रामदास गोदावरीपलीकडच्या जांबचे. तो शब्द बाकी सगळे वऱ्हाडी दर लग्नात ऐकतात आणि जेवायला बसतात. सावध राहायला डोळे मिटलेच पाहिजेत असे नाही. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणाऱ्या वीरशैव लिंगायत घरांत इष्टलिंगाची पूजा पाहावी. गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेतात, भस्म आणि बेल वाहतात आणि नजर त्यावर ठेवून बसतात. तळहात स्थिर ठेवायचा तर खांदा सैल लागतो, खांदा सैल राहायचा तर श्वास संथ लागतो. मन भरकटले की हात हलतो आणि हात हलला की आपल्याला कळते. मनाची चोरी शरीराकडून पकडायची ही युक्ती माळेच्या मण्यातही आहे. जपाचा श्वासावर काय परिणाम होतो, हे इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी मोजले. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणायला लावले, तर दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले. वेगळे धर्म, वेगळ्या भाषा, श्वासाची गती एक.

या पुराव्याने हुरळून जाऊ नये. २०१४ साली ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार माणसांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फरक पडतो असे त्यात दिसले, पण औषध किंवा व्यायाम यांच्याहून ते सरस ठरल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणजे जपाने साखर उतरत नाही आणि रक्तदाबाची गोळी दिव्यासमोर बसल्याने बंद करता येत नाही. एवढे साधे सत्य सांगायला अनेक प्रवचनकार कचरतात.

दुसरा आक्षेप विवेकी माणसाचा असतो: हे सगळे कर्मकांड नव्हे काय? अंबाजोगाईच्या दरीत ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी विवेकसिंधूत शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ च्या सुमाराला, अद्वैत मराठीत आणले. त्यानंतरच्या वारकरी संतांनी पोकळ विधीवर पुष्कळ कोरडे ओढले. पण त्याच वारकरी परंपरेने गळ्यात तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षाची वारी हे नेम ठेवलेच. त्यांचा राग कृतीवर नव्हता. कृतीतून माणूस गैरहजर राहतो आणि तरी पुण्य जमा धरतो, यावर होता. कर्मकांड आणि नेम यांत फरक पाहायचा तर दोन प्रश्न पुरतात: कोणी पाहत नसताना तेवढेच करतो का? आणि केल्याने घरातल्या माणसाशी वागणे बदलते का? पूजा तासभर आणि शेजारच्या पाटाच्या पाण्यावर रात्री दरोडा, अशी नेमनिष्ठा गावोगाव दिसते. तिला दोष देताना दिव्याला दोष देण्याचे कारण नाही.

हा साचा एका धर्माच्या मालकीचाही नाही. बीडच्या मशिदींत नमाजाला उभे राहण्याआधी आणि रमजानच्या रोज्याआधी नियत करतात. कोणती नमाज, कोणता रोजा, हे मनाशी ठरलेले असल्याशिवाय पुढची कृती पुरी धरत नाहीत. विहारात त्रिशरणानंतर पंचशील म्हणतात, त्यातली प्रत्येक ओळ ‘समादियामि’वर येऊन थांबते, म्हणजे हा नियम मी घेतो. करिष्ये आणि समादियामि ही दोन्ही उत्तम पुरुषी एकवचनी क्रियापदे, आणि नियतही ज्याची त्यानेच करायची. ज्याचा कोणत्याच देवावर विश्वास नाही त्यानेही हे एकवचन उचलायला हरकत नाही. झोपण्याआधी दिवसाचा खर्च वहीत लिहिणे हासुद्धा नेमच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. नेमाची भीती बसते. नेम मोडला म्हणून देव कोपला, म्हणून बैल मेला, म्हणून पोर नापास झाले, ही साखळी अनेक घरांत, विशेषतः बायांच्या मनात, घट्ट बसलेली असते. लंडनच्या संशोधक फिलिपा लॅली यांचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. ९६ माणसांनी पाणी पिणे, फळ खाणे, धावणे असली एखादी कृती रोज करायचे ठरवले. ती अंगवळणी पडायला मध्यकाच्या हिशेबाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी घडण फारशी ढळली नाही. नेम मोडतो तो चुकलेल्या दिवसाने नव्हे, त्यामागच्या ‘आता गेलेच’ या सुस्काऱ्याने. चुकला दिवस दिनदर्शिकेवर रिकामा सोडावा आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या मापानेच पुढे जावे. दुप्पट करून भरपाई करायला गेले की चौथ्या दिवशी पुन्हा दम तुटतो. आणि उपास हा नेम घरात कोणाच्या वाट्याला येतो, तेही पाहावे. रक्त कमी असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या किंवा मधुमेहाच्या बाईने निर्जळी उपास करू नये. घरच्या पुरुषाच्या आयुष्यासाठी तिने उपाशी राहायचे आणि पुरुषाने नेम म्हणून पाण्याची घागरही उचलायची नाही, हा संकल्प कोणाचा, हे स्पष्ट विचारायला हवे.

आणखी एक रेषा आखली पाहिजे. या जिल्ह्यात दुष्काळ आहे, कर्ज आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत. तिथे ‘मन शांत ठेवा’ हा उपदेश क्रूर होऊ शकतो. टँकर, पीकविमा आणि रोजगार हमीचे काम मागायला तहसीलवर जाणे हेही कर्तव्य आहे. हवे तर त्यालाच वार आणि वेळ ठरवून संकल्पात घाला. आणि झोप उडाली, जेवण तुटले, जगू नये असे वाटू लागले, तर माळ हातात देऊन कोणाला एकटे बसवू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते, आणि सरकारी दवाखान्यात दाखवण्यात कोणत्याही श्रद्धेचा अपमान नाही.

राहिला शेवट. आपल्या बहुतेक व्रतांना उद्यापन असते, आणि नव्या संकल्पांत सर्वांत आधी गळते ते हेच. आयुष्यभराचा नेम सुरू करू नये, मुदतीचा करावा. नवरात्रात घटाच्या मातीत धान्य पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, दसऱ्याला ते कोंब देवाला वाहतात आणि टोपी-पागोट्यात खोवतात. अधिक मासात माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी गर्दी लोटते, ती धोंड्याचा महिना संपला की ओसरते. पुन्हा यायला अडीच-पावणेतीन वर्षे. आषाढी ते कार्तिकी हा चातुर्मास चार महिन्यांचा, म्हणजे लॅलींच्या ६६ दिवसांहून चांगला ऐसपैस. मुदत संपली की थांबावे, एखाद्याला जेवू घालावे, काय बदलले ते दोन ओळींत लिहावे आणि मग पुढचे ठरवावे. बदलले नसेल तर नेम सोडण्यात कमीपणा नाही. माप चुकले असेल.

तुमच्या घरी भिंतीवर दिनदर्शिका असेलच. आज दिवा लावल्यावर तिच्यावर एक ओळ लिहा: कशानंतर, कुठे, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत. इतके मोठे काही लिहू नका की ते त्या चौकोनात मावणार नाही.